उडी उशिरा लागते

चाचणीखोलीत त्या सकाळी एक मोठा पडदा होता, पाच कंट्रोलर, तिवईवर बसवलेला एक कॅमेरा, वाटाण्याएवढा एक लाल दिवा, चार खुर्च्या आणि पाच माणसं. पाचवी मी. मला खुर्ची लागत नव्हती, कारण मोजणी उभ्यानेच करावी लागते.

"हा दिवा कशाला?" गेम बनवणारे बहीणभाऊ पाहुणे म्हणून आले होते, त्यांतल्या भावाने विचारलं.

मी त्याला सांगितलं की उडीच्या बटणाला या दिव्याची तार डकवलेली आहे. बटण पूर्ण खाली गेलं की दिवा लागतो. कॅमेरा एका सेकंदात हजार चित्रं टिपतो. दिवा लागल्यापासून त्यांच्या गेममधल्या बाईचे पाय छतावरून सुटेपर्यंत किती चित्रं गेली ती मोजायची. जितकी चित्रं, तितके मिलिसेकंद. यात कुणाच्या मताचा प्रश्न येत नाही.

"म्हणजे आत्तापर्यंत जे होतं ते मत होतं," त्याची बहीण म्हणाली. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

तिसऱ्या खुर्चीवर आमची संपादिका होती. तिने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. चौथ्या खुर्चीवर ज्यांच्या मताबद्दल हे चाललं होतं ते साडेसहा होते. ते म्हणाले, "मतच होतं. पण माझं मत बोटातून येतं. मोज तू, मोज. तुझी चित्रं तेच सांगतील."

आमची वेबसाइट व्हिडिओ गेमची समीक्षा करते. प्रत्येक समीक्षेखाली दोन रकाने असतात, बलस्थानं आणि त्रुटी, आणि त्याखाली दहापैकी गुण. साडेसहा हे आमचे सर्वांत जुने समीक्षक. वेबसाइट नव्हती तेव्हा ते एका वर्तमानपत्राच्या मुलांच्या पानात कोपऱ्यातलं सदर लिहायचे. गुण देताना त्यांचा हात साडेसहाच्या पुढे सहसा जात नसे, म्हणून वाचकांनी त्यांना हे नाव पाडलं आणि ऑफिसने ते उचललं. त्यांना ते आवडायचं. एका वाढदिवसाला संपादिकेने केकवर साडेसहा मेणबत्त्या लावल्या होत्या, सातवी मधोमध कापून. त्यांनी केक खाल्ला, बोटं पुसली आणि सांगितलं, "बलस्थान, मलई. त्रुटी, गोडाला धरबंध नाही. सहा."

नवा गेम हातात आला की ते गोष्ट पुढे नेत नसत. पहिल्याच मोकळ्या जागेत थांबून अर्धा तास नुसत्या उड्या मारायचे. जागच्या जागी, भिंतीला खेटून, कडेवरून, पळता पळता. नवी मुलं त्यांना हसायची. ते म्हणायचे की पुस्तक तुमचे डोळे मागतं, सिनेमा डोळे आणि कान मागतो, गेम हात मागतो. हात मागायचा आणि हाताचं ऐकायचं नाही, ही फसवणूक आहे. हरवा, शंभरदा हरवा, पण मी दाबलं तेव्हा दाबलं असं कबूल करा. रोज येऊन बक्षीस घेऊन जा म्हणणाऱ्या गेमांवर त्यांचा विशेष राग होता. त्याला ते हजेरीपट म्हणायचे. कंटाळा आधी स्वतःच तयार करायचा आणि मग तो टाळायचे पैसे मागायचे, यावर त्यांनी इतक्यांदा लिहिलं होतं की आमच्याकडे ते वाक्य टाइप करायची गरज उरली नव्हती, जुन्या समीक्षेतून उचलता येत असे.

समोर बसलेल्या बहीणभावाच्या गेममध्ये यातलं काही नव्हतं. त्यात एक मध्यमवयीन बाई आहे. ती शहरातल्या छतांवरच्या पाण्याच्या टाक्या दुरुस्त करते आणि एका छतावरून दुसऱ्या छतावर उड्या मारत जाते. पडली तर मरत नाही. खाली कुणाच्या तरी अंगणात पडते, कपडे झटकते आणि जिना चढून पुन्हा वर येते. पाच जणांनी मिळून चार वर्षं खपून तो केला होता. साडेसहांनी बलस्थानांच्या रकान्यात लिहिलं होतं की पडल्यावर हा गेम तुम्हाला रागावत नाही, हे फार दुर्मीळ आहे. त्रुटींच्या रकान्यात एकच ओळ होती: उडी उशिरा लागते. मुख्य मजकुरात त्यांनी पुढे म्हटलं होतं की जो गेम उडीशी खोटं बोलतो तो सगळीकडेच खोटं बोलतो, मग त्याची छतं कितीही सुंदर असोत. दहापैकी चार.

पाचाच्या खाली गुण मिळालेला गेम ऑनलाइन दुकान पहिल्या पानावर लावत नाही. चार म्हणजे तो गेम शोधून काढावा लागतो, आणि ज्याला नाव माहीत आहे तोच शोधतो. गेम करणाऱ्या पाच जणांतली तिघं दुसरीकडे नोकरीला लागली. उरलेली दोघं आमच्या खुर्च्यांवर बसली होती.

मी हे आधी का मोजलं नाही, असं बहिणीने मला येण्याआधी फोनवरच विचारलं होतं. उत्तर सोपं होतं आणि लाजिरवाणं होतं. मोजणी फक्त मोठ्या कंपन्यांच्या गेमची व्हायची. लहान गेमला तेवढा वेळ द्यायचा नाही, हा ऑफिसचा नियम होता.

मी वीस वेळा बटण दाबलं. सरासरी सत्तावन्न मिलिसेकंद आली.

नुसत्या सत्तावन्नला अर्थ नसतो. मग मी दुसरा गेम लावला. दोन वर्षांपूर्वी साडेसहांनी त्याला साडेआठ दिले होते आणि उडी बोटाला चिकटून येते असं लिहिलं होतं. तो एकसष्ट निघाला.

भावाने बहिणीकडे पाहिलं. बहीण पडद्याकडेच पाहत होती.

"कंट्रोलर बदल," साडेसहा म्हणाले. "मी घरी वापरला तो जुना होता. स्प्रिंग गेली असेल."

बरोबर होतं. मी त्यांच्या घरचा कंट्रोलर मागवून ठेवलाच होता, पाचांतला तो एक होता. त्यावर दिवा डकवून मोजलं. अठ्ठावन्न. एका मिलिसेकंदाचा फरक मी धरत नाही.

मग त्यांनी हात पुढे केला. "आण इकडे. तू दाबतेस तेव्हा तू वाट बघत असतेस. मी खेळताना दाबतो. खेळताना मोज."

हेही बरोबर होतं. मी कॅमेरा त्यांचा हात आणि पडदा एकदम दिसतील असा वळवला. ते खेळायला लागले. खेळताना ते नेहमी खालचा ओठ आत घ्यायचे, तसा घेतला. बाई पळत कडेपर्यंत आली आणि तशीच सरळ खाली गेली. पुन्हा तेच झालं.

"बघ," ते म्हणाले. आवाजात जिंकल्याचा आनंद होता. "दाबलं मी. बघितलंस ना? दाबलं होतं."

मी चित्रण सावकाश लावलं. खोलीतले सगळे पडद्याच्या जवळ आले. साडेसहांचा उजवा अंगठा मोठा होऊन दिसत होता, नखाजवळची कातडी, बटणावरचं चिन्ह, सगळं. अंगठा बटणावर टेकला. मग चित्रं जात राहिली. अंगठा टेकलेलाच होता, किंचित थरथरत होता, आणि बटण इतकं हळू खाली जात होतं की एखादं जड कपाट ढकलावं तसं वाटलं. पडद्यावर बाई कडेला आली. कड संपली. बाई पडायला लागली. मग दिवा लागला.

"परत लाव," ते म्हणाले.

मी परत लावलं. अंगठा टेकल्यापासून दिवा लागेपर्यंत एकशे चाळीसच्या आसपास चित्रं जात होती. मी स्वतःचा अंगठा आधी मोजला होता, तो पंचवीसच्या आत होता. मी ते सांगितलं नाही. बहिणीने विचारलं तेव्हा सांगावं लागलं.

"सर," ती म्हणाली. तिने आवाज अजिबात चढवला नाही. "त्या उडीवर मी एकटीने सहा महिने घालवले. दादा म्हणायचा बास कर, कुणाला कळणार नाही. मी म्हणायचे, एका माणसाला कळेल. तुमचं नाव घ्यायचे मी."

साडेसहा आपल्या अंगठ्याकडे पाहत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता आणि चुकून त्यांच्या हाताला लागला होता.

*

साडेसहांनी हात डॉक्टरांना दाखवला, त्यांना ते चित्रण हवं होतं, म्हणून मी ते घेऊन साडेसहांच्या घरी गेले. दार त्यांच्या बायकोने उघडलं. त्या औषधांच्या दुकानात कामाला होत्या आणि नुकत्याच परतल्या होत्या. बैठकीच्या खोलीत तीन भिंतींना गेमच्या डब्या लावलेल्या होत्या, जुन्या कॅसेटपासून सगळं, तारखेप्रमाणे. चौथ्या भिंतीला टीव्ही आणि त्याच्यासमोर एकाच माणसाच्या वजनाने एका बाजूला बसलेला सोफा.

काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं हा माणूस खेळतोय आणि शेजाऱ्यांना सांगतो कामावर जातो. आता खेळून खेळून हात गेला म्हणे. कारखान्यात गेला असता तर भरपाई तरी मिळाली असती."

"अगं, तिच्यासमोर कशाला," साडेसहा म्हणाले.

"तिच्यासमोरच. तिला मोजता येतं." काकूंनी त्यांचा उजवा हात सरळ उचलून माझ्यापुढे धरला, दुकानात औषधाची बाटली दाखवावी तसा. "इथे बघ. अंगठ्याच्या खाली मांसल भाग असतो की नाही? हा बघ कसा बसलाय. आणि हा डावा बघ. वर्षभर सांगतेय मी. बरणीचं झाकण माझ्याकडे द्यायला लागले, कप डाव्या हाताने उचलायला लागले. विचारलं तर म्हणे झाकणं हल्ली घट्ट लावतात."

"लावतातच घट्ट."

"हो, आणि गेमसुद्धा उशिरा लागतात."

यावर ते हसले नाहीत. काकूही हसल्या नाहीत. त्यांनी हात परत त्यांच्या मांडीवर ठेवला आणि चहा टाकायला गेल्या.

मनगटात नस दाबली गेली होती. डॉक्टरांचं म्हणणं असं होतं की शस्त्रक्रियेने बिघाड थांबेल, पण जो स्नायू वाळला तो कितपत परत येईल ते सांगता येत नाही. रोजचं जेवणखाण, लिहिणं, सगळं करता येईल. गेम खेळायला हरकत नाही, फक्त पट्टीचे खेळाडू खेळतात तसं नाही जमणार. हे सगळं साडेसहांनी मला दुसऱ्याच कुणाचा अहवाल वाचावा तसं सांगितलं. त्यांना बोचत होतं ते वेगळंच.

"गेल्या वर्षभरात मी अजून कुणाकुणाला उशिरा लागते म्हटलंय?" त्यांनी विचारलं.

मी ते बघून ठेवलं होतं. सहा गेम होते. त्याआधीच्या सगळ्या वर्षांत मिळून तीन.

"त्यातले लहान किती?"

"सहाही."

"हां," ते म्हणाले. "मोठ्यांचं तू मोजून देत होतीस. तुझा आकडा बघून मी लिहायचो. माझा हात म्हणायचा उशीर, तू म्हणायचीस पंचावन्न, मग मला वाटायचं मीच दमलोय." त्यांनी सोफ्याच्या उशीची शिवण नखाने खरवडली. "आणि लहानांच्या बाबतीत वाटायचं तेच दमलेत."

त्याच संध्याकाळी त्यांनी डाव्या हाताने एक मजकूर टाइप केला. लहानच होता. टाक्यांच्या गेमच्या उडीत दोष नव्हता, दोष माझ्या अंगठ्यात होता, आमच्याकडे मोजायचं साधन असून ते वापरलं गेलं नाही, हा गेम मी पुन्हा दुसऱ्या समीक्षकाकडे सोपवतो आहे, आणि इतर पाच गेमही. आणखी एक वाक्य होतं, गुण काढून घेतल्याशिवाय माफी मागू नये असं वाटतं, म्हणून आधी गुण काढून घेतो.

संपादिकेने तो मजकूर दोनदा वाचला. ती वाईट बाई नव्हती. साडेसहांच्या सदरावर ती लहानपणी वाढली होती आणि हे ती सगळ्यांना सांगायची.

"हे छापलं तर उद्यापासून तुमच्या प्रत्येक समीक्षेखाली लोक विचारतील, अंगठा कसा आहे," ती म्हणाली. "जुन्यांखालीसुद्धा. तुम्ही जिला साडेतीन दिले होते ती प्रत्येक कंपनी उठून येईल. वीस वर्षांचं सगळं काम संशयात. तुमचंच नाही, वेबसाइटचं."

"मग संशयात असू दे."

"आणि त्या मुलांना काय मिळेल त्यातून?"

तिने आधीच एक तोड काढली होती. गेममध्ये अपडेट येतात, काहीतरी दुरुस्त होतं, समीक्षक पुन्हा खेळतो, गुण वाढतात. यात कुणाचीच बेअब्रू होत नाही. मुलांनी एक अपडेट काढावं. आत काही बदलायची गरज नाही, फक्त आवृत्तीचा आकडा पुढे सरकवायचा आणि लिहायचं की उडीचा प्रतिसाद सुधारला आहे. आपण पुन्हा समीक्षा करू. साडेसात देऊ.

"म्हणजे त्यांनी न केलेली चूक त्यांनी कबूल करायची," साडेसहा म्हणाले.

"दुरुस्त केली म्हणायचं. कबूल कुणी करत नाही हल्ली."

"ती मुलगी करणार नाही. तिला विचारून बघ."

"विचारलंय," संपादिका म्हणाली.

*

त्यांचा तिच्यावर विश्वास बसला नाही. आम्ही दोघं बहीणभावाच्या स्टुडिओत गेलो. चष्म्याच्या दुकानावरची एक खोली होती. पाच टेबलं होती, तीन टेबलांवरचे संगणक नेलेले होते आणि तिथल्या तारा वेटोळी करून रबर लावून ठेवल्या होत्या. बहिणीने आम्हाला बसायला सांगितलं. पाणी विचारलं नाही.

साडेसहांनी खिशातून मजकूर काढून वाचला. ते चांगलं वाचायचे, पण त्या दिवशी घाईत वाचलं, जणू कुणीतरी मध्ये थांबवेल. कुणी थांबवलं नाही.

"चांगलं लिहिलंय, सर," भाऊ म्हणाला. "खरंच. पण हे आलं की लोक तुमच्याबद्दल बोलतील. कुणी म्हणेल बिचारे, कुणी म्हणेल म्हातारा झाला आता घरी बस. आठवडाभर तुमचं चालेल. आमच्याबद्दल काय? तो अंगठ्यावाला गेम, एवढंच."

"खरं काय ते तर कळेल."

"कळेल. पण विकत कोण घेईल? दुकानाला खरंबिरं काही लागत नाही, सर. त्यांना अपडेट लागतं. अपडेट आलं, गुण वाढले, की त्यांचं यंत्र आपोआप पहिल्या पानावर लावतं. माफीला पहिलं पान नाही."

साडेसहा बहिणीकडे वळले. "तू लिहिणार हे? तुझ्या उडीबद्दल?"

ती संगणकाकडे वळून बसली होती. तिने मागे न बघता उत्तर दिलं. "तुम्ही नाही का लिहिलंत? माझ्या उडीबद्दल?"

"मला तसं वाटत होतं."

"मला तसं वाटत नाही, तरी लिहिणार. तुमचं सोपं होतं." मग ती वळली. "ती तिघं गेली ना, सर, त्यांतल्या एकीने जाताना मला विचारलं, खरं सांग, होती का उशिरा? माझ्याच टीममधली. चार वर्षं रोज तीच उडी मारली होती तिने. आणि तुमचं वाचल्यावर तिलाही तसं वाटायला लागलं."

खाली दुकानात कुणीतरी भिंतीवरची अक्षरं मोठ्याने वाचत होतं आणि चुकत होतं.

जिना उतरताना साडेसहांनी कठडा डाव्या हाताने धरला होता. रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले, "तिच्या टीममधल्या मुलीचं जाऊ दे. ती घाबरलेली होती. वाचकांचं तसं नाही."

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. इतकी वर्षं त्यांनी गुण दिले, पण गुण ही दुय्यम गोष्ट होती. वाचकांना ते एकच सांगत आले: माझं ऐकू नका, तुमच्या हाताला काय वाटतं ते बघा. हजारो लोकांनी त्यांना पत्रं लिहिली होती की तुमच्यामुळे आम्ही गेम हाताने बघायला शिकलो. अपडेट पोकळ असलं तर या लोकांच्या हाताला ते कळलं पाहिजे. कळलं, तर खोटं फार दिवस टिकणार नाही, आणि खरं छापायला कारण मिळेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संपादिकेपुढे अट ठेवली. साडेसातच्या समीक्षेवर ते नाव घालतील. पण तिच्याखाली वाचकांना एक प्रश्न विचारायचा: अपडेटनंतर तुमच्या हाताला उडी कशी वाटते? उत्तरं तीन, सुधारली, बिघडली, होती तशीच आहे. जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती दोन्ही खेळलेल्यांनीच उत्तर द्यायचं. आणि निम्म्याहून जास्त लोक होती तशीच आहे म्हणाले, तर त्यांचा मजकूर एक शब्दही न कापता पहिल्या पानावर छापायचा.

संपादिका लगेच हो म्हणाली. प्रश्न असला की लोक पानावर जास्त वेळ थांबतात, असं ती नंतर मला म्हणाली. आणि मग, दार लावून, तिने मला विचारलं की माझ्या मते काय होईल. मी सांगितलं की मला माहीत नाही, मोजल्यावर कळेल.

"तू अगदी त्यांच्यासारखी बोलायला लागलीस," ती म्हणाली.

अपडेट आलं. नवी आवृत्ती मी चाचणीखोलीत लावली आणि वीस वेळा बटण दाबलं. सत्तावन्न. बहिणीने खरोखरच काही बदललं नव्हतं, एक आकडा सोडून. सोबतच्या टिपणात तिने लिहिलं होतं: उडीचा प्रतिसाद सुधारला आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं.

साडेसहांची समीक्षा त्यांच्या नेहमीच्या समीक्षांपेक्षा लहान होती. बलस्थानांचा रकाना त्यांनी भरला. त्रुटींच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. आमच्या वेबसाइटच्या इतिहासात तो रकाना रिकामा राहण्याची ती पहिलीच वेळ होती आणि त्यावर वाचकांत बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं साडेसहा मवाळ झाले. कुणी म्हणालं चूक दुरुस्त करणाऱ्यांना असा मान द्यायला मोठं मन लागतं. एकाने लिहिलं की त्याला आधीपासूनच उडी उशिरा वाटत होती, पण आपण साडेसहांइतके बारकाईने बघत नाही म्हणून बोललो नाही. ते वाचून साडेसहांनी मला विचारलं की हा माणूस चेष्टा करतोय का. मी त्याच्या जुन्या प्रतिक्रिया पाहिल्या. तो चेष्टा करणाऱ्यांतला नव्हता.

त्यानंतर त्यांनी प्रतिक्रिया वाचायचं थांबवलं. उत्तरांचे आकडेही मला बघू दिले नाहीत. प्रयोग चालू असताना डोकावायचं नाही, तूच म्हणतेस ना, असं म्हणाले. उत्तरं द्यायची मुदत संपायच्या आधी त्यांची शस्त्रक्रिया झाली. काकू म्हणाल्या की भूल उतरताना ते कुणाला तरी तशीच आहे, तशीच आहे असं सांगत होते, आणि नर्सला वाटलं दुखणं तसंच आहे. तिने आणखी एक इंजेक्शन दिलं.

ज्या दिवशी मुदत संपली त्या दिवशी ते ऑफिसला आले. उजव्या हाताला मनगटापासून बँडेज होतं. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता, जो ते ऑफिसला कधी घालत नसत. वाटेत दोघातिघांनी तब्येत विचारली, त्यांना त्यांनी मुद्द्याचं तेवढं सांगितलं. संपादिका आपल्या केबिनमधून बाहेर आली आणि माझ्या टेबलाच्या मागे उभी राहिली. तिच्या हातात साडेसहांच्या त्या मजकुराचा छापील कागद होता. तिने तो खरोखरच तयार ठेवला होता, मथळ्यासकट. तेवढी ती शब्दाची पक्की होती.

साडेसहांनी खुर्ची ओढून माझ्या शेजारी घेतली.

"चष्मा घरी राहिला," ते म्हणाले. "तू वाच."

मी पान उघडलं आणि वाचलं. दोन्ही आवृत्त्या खेळलेल्या एक हजार नऊशे चौदा वाचकांनी उत्तर दिलं होतं. उडी सुधारली, एक हजार सहाशे दोन. उडी बिघडली, दोनशे एक्कावन्न. उडी होती तशीच आहे, एकसष्ट.